लोंबूमामाचा उजवा हात

चाळिशीच्या पुढं गेलेल्या कुणाही माणसापुढं लोंबूमामाचं नाव काढून बघा. तो आधी हसेल, आणि मग त्याची दोन बोटं उजव्या कानामागं जातील. रविवारी सकाळी टीव्हीवर ‘ढगांचा शिंपी’ लागायचा, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरात अख्खी गल्ली आणि दाराबाहेर चपलांचा ढीग असायचा. कान गुडघ्यापर्यंत लोंबणारा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर टेकवणारा तो म्हातारा शिंपी ढगावरच्या एका खोलीत राहायचा आणि फाटलेले ढग शिवायचा. कुठल्या गावावर पाऊस नुसता गळतो आहे आणि कुठल्या गावाला थेंब नाही, याची काळजी वाहत त्याची सुई चालायची. मुलांनी काही विचारलं की तो चटकन उत्तर देत नसे. आधी त्याचा उजवा हात वर जायचा, दोन बोटांनी कानामागं सावकाश खाजवायचा, मग कानाची पाळी हलकेच ओढायचा, आणि मग कुठं तो बोलायचा. पोरांनी ही सवय अशी उचलली, की मास्तरांनी पाढा विचारला तरी वर्गात कान खाजवले जात आणि वर धपाटेही खाल्ले जात.

त्या खाजवण्याचं खरं कारण जगात दोघांनाच माहीत होतं. एक संतराम, जो लोंबूमामाचं डोकं आणि आवाज चालवायचा, आणि दुसरी त्याची बायको आशाबाई. संतराम ओळ विसरला की लोंबूमामाचा कान खाजायचा. एवढंच त्यातलं गुपित होतं.

आता संतरामनं सत्तरी गाठली होती. मालिका बंद पडून जमाना लोटला होता, मुंबई सुटली होती, आणि डोंगरकडा या गावी मुलाच्या, भागवतच्या घरात त्याचं बरं चाललं होतं. भागवत शेतात हळद लावायचा. हंगामात अंगणापासून गच्चीपर्यंत शिजवलेली हळद वाळत पडायची, तिचा वास अंथरुणापर्यंत यायचा, आणि संतराम ओसरीवर बाज टाकून तिच्यावर येणाऱ्या शेळ्या हाकलायचा. काम असं ते एवढंच. बाकीचा दिवस आठवणींत जायचा, आणि खरं सांगायचं तर त्याला दुसरीकडं कुठं जायचंही नव्हतं.

बाहुल्यांचा नाद त्याला शाळेतल्या गॅदरिंगपासूनचा. पोत्याचं कापड, बोरूच्या काड्या आणि आईच्या जुन्या लुगड्याचे काठ यांतून तो राजे-राण्या करायचा. मास्तर व्हायला म्हणून औरंगाबादला गेला, तिथं कुणीतरी बाहुल्यांचं शिबिर घेतलं, शिबिरातून मुंबईच्या टीव्ही केंद्राचं बोलावणं आलं, आणि मास्तरकी राहिली बाजूला. गावाकडं बाप सांगायचा, “पोरगं टीव्हीत कामाला हाय.” लोक विचारायचे, “मंग दिसत काहून न्हाई?” बाप मग पीकपाण्याचं काढायचा.

लोंबूमामा एकट्याच्या आवाक्यातला नव्हता. संतरामचा उजवा हात बाहुल्याच्या डोक्यात, तोंड उघडायला-मिटायला, आणि डावा हात बाहुल्याच्या डाव्या हातात. उरायचा तो सुई धरणारा उजवा हात. त्याला दुसरं माणूस लागतं, आणि त्या माणसाला पहिल्याच्या उजव्या कुशीत शिरून उभं राहावं लागतं. संतरामची नजर जमिनीवर ठेवलेल्या लहानशा मॉनिटरवर असायची, कारण बाहुला कॅमेऱ्याला कसा दिसतो आहे ते तिथंच कळायचं. पण कुशीतल्या माणसाला तो मॉनिटरही दिसत नसे. त्यानं डोळे मिटून पहिल्याचा श्वास ऐकायचा आणि हात हलवायचा. सुरुवातीला या कामाला एक जण ठेवला होता, पण त्याचा हात शब्दाच्या मागं मागं यायचा. एकदा तो तापानं आलाच नाही, आणि डबा घेऊन आलेल्या आशाबाईला निर्मात्यानं गंमत म्हणून बाहुल्यात हात घालायला लावला. तिनं बांगड्या उतरवून रुमालात बांधल्या, पदर खोचला, संतरामच्या खांद्याला डोकं टेकवलं, आणि लोंबूमामानं आयुष्यात पहिल्यांदा सुईत दोरा ओवण्याआधी तो ओठात धरून ओला केला. सेटवरचे सगळे टाळ्या वाजवायला लागले. त्या तापाच्या माणसाला पुढं दुसरं काम मिळालं.

तेव्हापासून तो हात तिचाच होता. सकाळी भाजीवरून दोघांचा कडाका उडालेला असो, की चार दिवसांचा अबोला असो, सेटवर दिवे लागले की तिचं डोकं त्याच्या खांद्यावर यायचं आणि लोंबूमामाच्या दोन्ही हातांत कधी भांडण व्हायचं नाही. दिव्यांच्या उष्म्यानं घामाच्या धारा लागायच्या, फोमचा आणि चिकट गोंदाचा वास नाकात बसायचा, आणि पडद्यावर ढगावरच्या खोलीत गार वारं सुटलेलं असायचं. एका भागात पाहुणा म्हणून आलेल्या पोरानं लोंबूमामाचं बोट खरंच चावलं. ते बोट आशाबाईचं होतं. तिनं हूं की चूं केलं नाही, लोंबूमामाचा हात तेवढा त्या पोराच्या गालावरून फिरला. तो भाग बघून मुलांची पोतंभर पत्रं आली होती.

भाग संपताना येणाऱ्या नावांच्या पाटीत मात्र ‘लोंबूमामा – संतराम’ एवढंच यायचं. एका मामात दोन माणसं आहेत हे पोरांना कळू नये, असं निर्मात्याचं म्हणणं. संतराम एकदा यावरून भांडायला निघाला होता, तर आशाबाईनंच त्याला अडवलं. “राहू द्या हो,” ती म्हणाली, “हाताला कुठं नाव ऱ्हायतं?”

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर ती गेली. फार हाल न होता गेली, असं येणारे-जाणारे म्हणायचे, आणि संतराम मान हलवायचा.

पहिली गोष्ट घडली ती एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात. पिठाची गिरणी चालवणारा माऊली हा संतरामचा शाळासोबती. दोघं रोज सकाळी तिथं चहा प्यायचे, आणि माऊलीला तीच ती मुंबईची गोष्ट दहांदा ऐकायची तक्रार नसे. त्या दिवशी संतराम बोट चावणाऱ्या पोराचीच गोष्ट सांगत होता. सांगता सांगता त्याचं लक्ष गेलं तर माऊलीनं चहाचा ग्लास डाव्या हातात घेतला होता, आणि त्याची उजव्या हाताची दोन बोटं कानामागं सावकाश फिरत होती. मग त्यानं कानाची पाळी हलकेच ओढली. लगेच पुढच्या वाक्यात संतरामला त्या पोराचं नाव आठवेना. जिभेवर होतं, आणि गेलं.

“कान काहून खाजवला रं?” संतरामनं हसत विचारलं.

“कोणी? मी?”

“आता खाजवला की. बराबर लोंबूमामासारखा.”

“मी कुठं बघितला बाबा तुझा लोंबूमामा?” माऊली म्हणाला. “तवा आमच्या शेतातल्या आखाड्यावर लाईटच नव्हती.”

संतरामला वाटलं, म्हातारा विसरला असेल. सगळ्या महाराष्ट्रानं बघितला, यानंच तेवढा बघितला नसेल होय! पण घरी येताना त्याचा पाय हलका पडत होता. कानाची पाळी ओढताना आशाबाई अंगठा जरा आत मुडपायची. पोरांना पडद्यावर ते कधी दिसलं नव्हतं, आणि माऊलीचा अंगठा मुडपलेला होता.

पुढं आठवडाभरानं तो स्वयंपाकघरात गेला. सून प्रियंका भाकरी थापत होती. तिच्याकडं सासऱ्याला मामा म्हणायची रीत, आणि ती लहानपणी लोंबूमामाची भक्त. त्यामुळं लग्न होऊन या घरात आल्यावर पहिले काही दिवस तिला संतरामला हाक मारताना हसू आवरत नसे. संतराम उंबऱ्यात उभा राहिला आणि त्याच क्षणी तिचा पिठाचा हात वर गेला. दोन बोटं कानामागं फिरली, पाळी ओढली गेली, हात परत काठवटीत आला.

“काय पाह्यजे मामा?” तिनं विचारलं.

काय पाहिजे होतं ते संतरामला सांगता आलं नाही. तो तसाच तिच्या केसांना लागलेल्या पिठाकडं बघत उभा राहिला.

“कानामागं पीठ लागलं तुझ्या.”

प्रियंकानं मनगटानं पुसून बघितलं आणि तिलाच नवल वाटलं. “अगंबाई, हे कवा लागलं?”

संतरामला मनापासून आनंद झाला. लोक म्हणतात मेलेलं माणूस स्वप्नात येतं; त्याच्या स्वप्नात आशाबाई एकदाही आली नव्हती, आणि याचा त्याला आतून राग होता. आता तो राग गेला. ती अशीच यायची. दुसऱ्याच्या अंगात शिरून, कुशीत उभी राहून, न दिसता यायची. मग तो दिवसभर लोकांच्या उजव्या हातांकडं बघत बसायला लागला. दूध घालणाऱ्याचा हात, किराणा दुकानदाराचा, समोरच्या घरातल्या बाळंतिणीचा. कुठं ना कुठं तो वर जायचाच, आणि संतरामचं काही तरी हरवायचं. कधी एखादा शब्द, कधी एखादं नाव. त्या बदल्यात आशाबाई भेटत होती. सौदा वाईट नाही, असं त्याला वाटायचं.

भागवतला विहिरीवरच्या मोटारीचं सामान आणायला जवळा बाजार या गावी जायचं होतं. आठवडी बाजाराचा दिवस, म्हणून संतरामही त्याच्यामागं गाडीवर बसला. भागवत त्याला एका लिंबाखाली बसवून दुकानाकडं गेला. शेजारी तांड्यावरची एक बाई वाळल्या मिरच्या विकत होती; कोणी तरी तिला लखमा म्हणून हाक मारली. तिच्या हातातली तागडी अर्ध्यातच थांबली, तिनं ती खाली ठेवली आणि उजवा हात कानामागं नेला. अंगठा मुडपलेला होता.

संतराम ओळखीचं हसला. मग त्याला जाणवलं की अजून तर आपण काहीच विसरलो नाही. त्यानं मनातल्या मनात चाचपून बघितलं. नाव ठीक, गाव ठीक, भागवत सामान आणायला गेला आहे तेही ठीक. उगाच खाजवला म्हणायचा, असं म्हणून तो बाजाराकडं बघायला लागला. कापसाच्या गाड्या, भज्यांचा घाणा, कुणाची तरी चुकलेली शेळी. थोड्या वेळानं त्याला वाटलं, किती वेळ झाला आपण इथं बसून आहोत. मग वाटलं, कशासाठी बसलो आहोत? आणि मग त्या सगळ्या कलकलाटात एकाही गोष्टीला धरून उभं राहता येईना.

“कोण्या गावचे बाबा तुमी?” लखमानं विचारलं.

त्याला गाव सांगता आलं नाही. भागवत परतला तेव्हा बाप मूठभर मिरच्या घट्ट धरून बसला होता आणि लखमा त्याला पाणी पाजत होती.

गाडीवर मुलाच्या कमरेला धरून घरी येताना संतरामला सगळं परत आठवलं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवली. सेटवर तो ओळ विसरल्यावर आशाबाईचा हात कधीच गेला नव्हता. हात आधी जायचा, ओळ नंतर सुटायची. त्यानं एकदा विचारलंही होतं, “माझं सुटायच्या आधीच तुला कसं गं कळतं?”

“दम अडकतो तुमचा,” ती म्हणाली होती. “मला आधीच समजतं. तुमाला आपलं उशिरा.”

तेव्हा तो हसला होता. आता त्याची मुलाच्या कमरेवरची पकड घट्ट झाली. आजवर त्याला वाटत होतं, की आपलं सुटतं म्हणून ती झाकायला येते. पण ती आधी येते, आणि मग सुटतं. या दोन गोष्टींतला फरक उलगडायला त्याची छाती होईना.

भागवतनं त्याला नांदेडला दाखवलं. डॉक्टरनं वयाची गोष्ट सांगितली, गोळ्या दिल्या, आणि माणसाला एकटं सोडू नका म्हणाला. हातांचं संतराम कुणालाच बोलला नाही. मात्र काय काय गेलं याकडं तो आता लक्ष द्यायला लागला, आणि त्याचं मन चरकलं. शेताच्या बांधावरची भांडणं शाबूत होती. शाळेतल्या कविता शाबूत होत्या. जात होतं ते सगळं एकाच माणसाच्या आसपासचं. मुंबईतली त्यांची पहिली खोली कुठल्या गल्लीत होती ते गेलं. तिच्या माहेरचं गाव गेलं. दळताना, निवडताना ती जे गुणगुणायची त्याची चाल गेली, आणि कोजागरीच्या चांदण्यात ती एकदा इतकी का रडली होती तेही गेलं. कडेकडेनं खात खात काही तरी मधोमध येत होतं.

अशात पुण्याहून फोन आला. प्रियदर्शनी नावाची मुलगी ‘ढगांचा शिंपी’वर माहितीपट करत होती. बोलण्याच्या ओघात ती म्हणाली, “काका, आम्ही जुने भाग परत परत पाहिले. लोंबूमामाचा उजवा हात तुमचा असूच शकत नाही. तो कोणाचा होता?”

इतक्या वर्षांत हे विचारणारं पहिलं माणूस भेटलं होतं. संतरामला हुंदकाच आला.

“फोनवर न्हाई सांगत,” तो म्हणाला. “तुमी या. कॅमेऱ्यापुढं सांगतो.”

त्यानं मनाशी पक्कं केलं. पाटीत जे नाव कधी आलं नाही ते आपल्या तोंडानं एकदा घ्यायचं, जिथं लोंबूमामा राहतो तिथंच, कॅमेऱ्यात. मग उरलेलं सगळं गेलं तरी चालेल.

“तुमाला तकलीफ होत असंल तर मी सांगतो की आईचं,” भागवत म्हणाला.

“तू तिच्या शेजारी उभा नव्हतास,” संतराम म्हणाला. “ते मीच सांगायला पाह्यजे.”

तेव्हापासून नात वैष्णवी शाळेत जायच्या आधी रोज त्याच्यापुढं उभी राहायची. हा दोघांचा खेळच झाला.

“आजोबा, आजीचं नाव काय?”

“आशा.”

“पास!”

एके सकाळी तिनं प्रश्न विचारला आणि संतराम उत्तर देणार, तोच तिचं दप्तर खांद्यावरून घसरलं आणि तिचा इवलासा उजवा हात वर निघाला. वेणीपर्यंत पोचला. संतरामनं झडप घालून तिचं मनगट धरलं. पोरगी किंचाळली. त्याच्या मुठीत तो हात जोर करत होता, आणि तो जोर त्या लेकराचा नव्हता. मग एकदम सैल पडला.

“आशा,” संतराम म्हणाला. “आशा. आशा.”

वैष्णवी रडत आईकडं पळाली. प्रियंका पहिल्यांदाच सासऱ्याला टाकून बोलली, आणि त्यानं ते मान खाली घालून ऐकून घेतलं. मनगटावर वळ उठले होते. त्याला फार वाईट वाटलं. पण त्या दिवशी त्याचं काहीही हरवलं नाही. कानापर्यंत हात पोचूच दिला नाही तर काही जात नाही, हे त्याला कळलं. ज्या हाताला आयुष्यात कधी अडवलं नाही त्याला आता अडवायचं, या विचारानं त्याला दुपारचं जेवणही गेलं नाही.

प्रियदर्शनी आली ती हळद उकडायच्या दिवसांत. बरोबर कॅमेरा चालवणारा जगन होता. मुलगी मोठी गोड निघाली; आल्या आल्या संतरामच्या पाया पडली आणि म्हणाली, “आईनं सांगितलंय, लोंबूमामाला माझा नमस्कार सांग.” मधल्या घरात खिडकीचा उजेड डावीकडून यायचा, म्हणून तिनं बाज उलट्या बाजूला सरकवून घेतली आणि संतरामला भिंतीला उजवा खांदा टेकेल असं बसवलं. समोर भागवत, प्रियंका, वैष्णवी आणि गिरणी बंद ठेवून आलेला माऊली असे ओळीनं बसले.

“माझी एक अट हाय,” संतराम म्हणाला. “मी बोलून ऱ्हायलो तवर समद्यांनी आपापला उजवा हात डाव्या हातात धरायचा. सोडायचा न्हाई.”

जगन हसला. “काका, मला कॅमेऱ्याला लागतो हो.”

“डावा लाव कॅमेऱ्याला. उजवा खिशात घाल.”

म्हाताऱ्या कलावंताची लहर म्हणून सगळ्यांनी ते ऐकलं. प्रियदर्शनीनंही कागद मांडीवर ठेवून आपला हात धरला. वैष्णवीनं तर दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले.

संतराम बोलायला लागला, आणि काय बोलला! कित्येक महिन्यांत तो असा बोलला नव्हता. पोत्याचे राजे, औरंगाबादचं शिबिर, कापसाचे ढग टांगताना दोऱ्यांचा व्हायचा गुंता, दिव्याच्या उष्म्यानं सुटलेला लोंबूमामाचा कान आणि तो कान प्रसंग चालू असतानाच दोन टाके घालून शिवणारी सुई. शेवटी त्या बाहुल्याचा फोम जुना होऊन त्याचा भुगा झाला, सुपात भरून टाकावा लागला, हेही त्यानं सांगितलं. भागवतनंही यातलं निम्मं पहिल्यांदाच ऐकलं. मधूनमधून संतरामची नजर ओळीवरून फिरत होती. सगळे हात जिथल्या तिथं होते.

“आणि काका,” प्रियदर्शनीनं हळूच विचारलं, “ती सुई धरणारा हात कोणाचा होता?”

नाव जिभेवर तयार होतं. संतरामनं तोंड उघडलं.

“एक मिनिट,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “एवढं एकच वाक्य लोंबूमामाच्या आवाजात सांगाल? म्हणजे त्यानंच सगळ्यांना सांगितल्यासारखं होईल.”

संतरामला हे इतकं आवडलं, की आपल्याला आधी का सुचलं नाही असं वाटलं. पाटीत नाही आलं, तर खुद्द मामाच्या तोंडून येईल! त्यानं पाठ ताठ केली, हनुवटी जरा वर उचलली, आणि गळ्यातून तो आवाज आला. जरासुद्धा म्हातारा झाला नव्हता तो. माऊलीचं तोंड उघडंच राहिलं, प्रियंका लहान पोरीसारखी पुढं सरकली.

“बाळांनो,” लोंबूमामा म्हणाला, “माझी सुई कोण धरायचं, ठाऊक हाय का तुमाला?”

आणि संतरामच्या उजव्या कानामागं दोन बोटं फिरली. सावकाश, ओळखीच्या जागी. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. इतकी वर्षं ते खाजवणं फोमच्या कानाला मिळालं होतं; आपल्या स्वतःच्या कानाला ते इतकं सुखाचं लागेल हे त्याला कधी कळलंच नव्हतं. त्याचे डोळे आपोआप मिटले. कानाची पाळी हलकेच ओढली गेली.

“बोला ना काका,” प्रियदर्शनी कुजबुजली. “कोणाचा हात?”

संतरामनं डोळे उघडले. समोर बसलेल्या सगळ्यांकडं तो सावकाश, प्रसन्नपणे बघत राहिला. मग त्यानं मान उजवीकडं भिंतीकडं वळवली, आणि कुणाची अडचण होऊ नये म्हणून बाजेवर जरा डावीकडं सरकला.

“ह्या बाईंनाच इचारा की,” तो म्हणाला. “कोण हायत कोणास ठाऊक, पण मघापासून बसून ऱ्हायल्या बिचाऱ्या. कोणी पाणीसुद्धा इचारलं न्हाई.”